फिल्टर चांगला आहे, पण कचरा टाकीत होता: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैमध्ये मी होडीच्या इंजिनाच्या या पेट्रोल फिल्टरला एक तारा दिला होता आणि याच्यामुळेच इंजिन बंद पडतं अशा रागाने दोन ओळी खाली लिहिल्या होत्या. त्या ओळी मागे घेतो. राग मात्र मागे घेत नाही, फक्त तो कुणावर काढायचा ते बदललं आहे.

वॉटर सेपरेटर (पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा) म्हणजे काय, दहा मायक्रॉन म्हणजे किती, हे विकणाऱ्याने लिहिलेलंच आहे. मी वापराचं सांगतो. आमचं घर कागवाड तालुक्यात कृष्णाकाठी आणि मळीचं (नदीकाठच्या गाळाचं) रान पल्याड, शिरोळ तालुक्यात. म्हणजे घर कर्नाटकात, ऊस महाराष्ट्रात. रस्त्याने गेलं तर मोठा वळसा पडतो, म्हणून फायबरची होडी आणि तिला जुनं आठ एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. पंचवीस लिटरची लाल प्लास्टिकची टाकी, तिच्यातून नळी, मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा, मग इंजिन. वैरण, खताची पोती, दुधाचे कॅन, सगळं याच्यावर. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी देवळात शिरलं, की आम्ही होडी वर ओढून बांधतो. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ-दहा दिवस खरी गरज असते.

जूनमध्ये २,३५० रुपयांना हा फिल्टर घेतला. कारण पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. (आमचाच ऊस कारखान्यात जातो, त्याचंच इथेनॉल होऊन आमच्याच टाकीत परत येतं. बिल मात्र दोन्हीकडे आमच्याच नावावर.) बसवायला अर्धा तास लागला. टाकी आणि फुगा यांच्या मध्ये बसवला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नदीच्या मधोमध इंजिन बंद. पाणी पात्रातच होतं, पण ओढ होती. होडीत चार भारे वैरण आणि आमची मंडळी. फुगा बघितला तर चपटा, आंबा चोखून टाकल्यासारखा. दाबला तरी फुगेना. टाकीच्या बुचावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघितलं, होता. वल्हं मारत काठाला लागेपर्यंत पाऊण किलोमीटर खाली गेलो होतो. काठावर आल्यावर दोरी ओढली तर पहिल्या झटक्यात चालू. मंडळींनी माझ्याकडे जे बघितलं ते लिहीत नाही.

पुढचे पंधरा दिवस हेच. दहा-पंधरा मिनिटं झकास, मग बंद, दोन मिनिटं थांबलं की परत चालू. फुगा चपटा होतो म्हणजे इंजिन पेट्रोल ओढतंय, पण मागून येत नाही. (फुगा कडकच होत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुठून तरी हवा शिरत असते.) मागे नवीन काय बसवलं होतं? फिल्टर. तो काढून नळी थेट जोडली, अर्धा तास चालवलं, एकदाही बंद पडलं नाही. घरी येऊन एक तारा दिला.

तिसऱ्या दिवशी फिल्टर नसतानाही बंद पडलं. तारा तिथेच राहिला, मला दुरुस्त करायला लाज वाटली.

घाटावर एक म्हातारे नावाडी बसतात, कानडी बोलणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘मोदल टाकी नोड्री.’ आधी टाकी बघा. मी म्हटलं, अज्जा, टाकी नवी आहे. त्यांनी विडी पेटवली आणि विषय सोडला.

मग मालवण. आमच्याकडे ट्रॅक्टरचे मिस्त्री पैशाला पासरी, ओबीएमला हात लावणारा कुणी नाही. छोटा हत्ती टेम्पो भाड्याने केला, फोंडा घाट उतरून गेलो. तिथल्या मिस्त्रीने कार्बोरेटर खोलला, धुतला, किट बदललं, ड्रममध्ये पाणी भरून इंजिन चालवलं. अर्धा तास सुरू, एकदाही खोकलं नाही. परत आलो, चौथ्या दिवशी नदीत बंद. पुन्हा मालवण. मिस्त्री म्हणाले, ‘मशीन बरा आसा, तुमका उगाच वाटता.’ त्यांचं बरोबरच होतं. दोन्ही वेळा मी फक्त इंजिन नेलं होतं. ते चालत होतं त्यांच्या टाकीवर. माझी टाकी घरी गोठ्याच्या भिंतीला टेकून आराम करत होती.

सापडलं दिवाळीच्या आधी, तेही पेट्रोल जुनं झालं म्हणून टाकी रिकामी करताना. उघड्यावर, चुलीपासून लांब, तोंडाने नळी न ओढता, एवढं पथ्य पाळा. तळाला एक-दोन लिटर ठेवलं, टाकी दोन्ही हातांनी घुसळली आणि जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून परातीत ओतली. असं तीन वेळा. फडक्यावर आलं ते असं: कृष्णेची बारीक वाळू चिमूटभर. दोन मेलेले मुंगळे. प्लास्टिकचा पांढरा कीस, बहुतेक टाकीच्याच साच्याचा. आणि चांदीच्या वर्खासारख्या सहा चकत्या, काही नखाएवढ्या, एक चांगली रुपयाएवढी. एका बाजूला चकचकीत, दुसऱ्या बाजूला पातळ प्लास्टिक.

ऑइलच्या बाटलीच्या झाकणाखालचं सील ते. पन्नासास एक मिश्रण, म्हणजे पंचवीस लिटरला अर्धा लिटर टू-स्ट्रोक ऑइल, दर टाकीला एक बाटली. ऑइल घालायचं काम मेव्हण्याकडे. तो सील सोलत नाही, स्क्रूड्रायव्हर घालून फिरवतो. मधला तुकडा लोंबत राहतो आणि ऑइलच्या धारेबरोबर टाकीत उतरतो. मी विचारलं तर म्हणाला, ‘दाजी, एवढासा कागद काय करतोय?’

काय करतोय ते त्याला दाखवलं. टाकीतून पेट्रोल ओढायची नळी बुचासकट सुटते, तिच्या टोकाला बारीक जाळी असते. ती लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडली, पेट्रोल भरलं, दोन चकत्या टाकल्या आणि पलीकडून फुगा दाबत राहिलो. चकत्या आधी तळाला निवांत पडून होत्या. सातव्या-आठव्या दाबाला रुपयाएवढी चकती हळूच उभी राहिली, सरकली आणि जाळीला थापटून बसली. फुगा चपटा. हात काढला, मिनिटभराने चकती आपोआप सुटून परत तळाला. मेव्हणा पाच मिनिटं काही बोलला नाही. जमिनीवर टाकी हलत नाही आणि नदीत हलते, भरलेली असताना कमी त्रास आणि अर्ध्यावर आली की जास्त, या सगळ्याचा उलगडा त्या बरणीत झाला. बरणीत परत लोणचं घालायला घरातून साफ नकार आला.

आता खरं गाऱ्हाणं. पाठीवरचा फवारणीचा पंप घ्या. झाकण उघडलं की तोंडात जाळीची टोपली असते. का? तर नोझलमध्ये कचरा अडकू नये म्हणून. माझा फवारणी पंप या टाकीच्या निम्म्या किमतीचा आहे, आणि त्यात अडकलं तर फार तर एक काकरी राहते. इथे नदीच्या मधोमध माणूस अडकतो, आणि टाकीच्या तोंडाला काय? नुसतं भोक! मनगट जाईल एवढं. चहाला गाळणी, मोरीला जाळी, विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हला जाळी, आणि पेट्रोलच्या टाकीला भोक. विकणाऱ्याला मी हे तीनदा कळवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की नळीच्या टोकाला जाळी आहे. अहो, तिथेच तर चिकटतंय! कचरा आत घ्यायचा आणि मग दाराशी अडवायचा, हा कुठला न्याय?

मिरजेतून पितळी जाळीचं नरसाळं आणलं, १२० रुपये. हिशेब एकदा लिहूनच टाकतो: छोटा हत्तीच्या दोन खेपा ९,०००, मिस्त्री आणि किट ३,३००, दुसऱ्या वेळची तपासणी ८००. एकूण १३,१०० रुपये. बरणी धरलेली नाही.

बिचाऱ्या फिल्टरबद्दल. तो टाकीच्या पुढे बसतो, टाकीच्या आत जे अडतं त्याला तो काय करणार? ऑक्टोबरमध्ये तो परत बसवला, पण जागा बदलून, फुगा आणि इंजिनाच्या मध्ये. कारण फुगा कापून बघितला तर आतून रबर चिकट होऊन काळा चुरा सुटत होता. इथेनॉलने जुनं रबर असं होतं. पहिल्या जागी तो चुरा फिल्टरच्या पुढे पडून सरळ कार्बोरेटरकडे जात होता. नळी आणि फुगा नवीन घेतले, इथेनॉल चालेल असं लिहिलेले.

नोव्हेंबरात खालच्या पारदर्शक वाटीत दोन चमचे गढूळ पाणी दिसलं. पेट्रोलचा कॅन पावसात उघडा राहिला होता, आमचीच चूक. ते पाणी इंजिनात गेलं असतं तर तिसरी मालवण वारी झाली असती, त्या दिवशी मी एकाचे चार तारे केले. पण इथेनॉलमध्ये विरघळलेलं पाणी यात दिसत नाही. ते फार झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली बसतात, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, आणि नळी नेमकी तळातून ओढते. फिल्टरची वाटी त्याला पुरणार नाही. म्हणून महिन्यावर पेट्रोल साठवत नाही, उरलं तर मेव्हण्याच्या मोटारसायकलला.

पाचवा तारा वाटीखालच्या निचऱ्याच्या बोंड्यामुळे दिला नाही. प्लास्टिकचे आटे आहेत, थंडीत बोटं ओली असली की वाकडे बसतात आणि थेंब-थेंब पेट्रोल गळतं. पितळी दिला असता तर पन्नास रुपये जास्त दिले असते.

फिल्टरच्या आतलं काडतूस (कार्ट्रिज) हंगामाला एकदा बदला म्हणतात, ६५० रुपये. मेपर्यंत हेच चालवतो.