आण्णांसाठी संभाजीनगर की लातूर? वृद्धाश्रम निवडताना आम्हाला आलेला अनुभव

आई-वडिलांना संस्थेत ठेवावं की नाही, यावर मी काही बोलणार नाही. ज्यांच्या घरात तो निर्णय झालाय आणि आता मुलाच्या शहरातली मोठी संस्था की गावाजवळची लहान, एवढंच ठरायचं राहिलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही दोन्ही करून पाहिलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तीन महिने छत्रपती संभाजीनगरच्या एका केअर सेंटरमध्ये होते, आता दीड वर्षापासून लातूरला आहेत. वय ८१, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून चालतात, दोन वेळचं इन्सुलिन.

सोयी बघितल्या तर संभाजीनगर उजवं, यात वाद नाही. फिजिओथेरपीवाले आठवड्यातून तीनदा यायचे, साखरेची नोंद वेळच्या वेळी व्हायची, घाटीचं सरकारी रुग्णालय आणि मोठी खासगी हॉस्पिटलं हाताशी. मी ऑफिस सुटलं की वीस मिनिटांत आण्णांजवळ. लातूरला फिजिओथेरपी आठवड्यातून एकदाच, आणि मला तिकडं जायला पाच-सहा तास मोडतात. बहीण लातूरलाच दिली आहे म्हणून निभतं.

जेवण दोन्हीकडं स्वच्छ. पण संभाजीनगरला रात्री मऊ पोळी नाहीतर खिचडी. लातूरला ज्वारीची भाकरी असते. दात नाहीत, तरी आण्णा ती वरणात कुस्करून खातात आणि पोटभर खातात. शेजारच्या कॉटवरचे औशाकडचे. दोघांचं बोलणं सोयाबीनला काय भाव फुटला इथून सुरू होतं. शहरात त्यांना सगळे प्रेमानं 'आजोबा' म्हणायचे, पण अठरा आजोबांमधले एक. इथं ते पहिल्या दिवसापासून 'आण्णा' आहेत.

रुळवण्याची पद्धतही वेगळी. शहरातल्या संस्थेनं सांगितलं, पहिले पंधरा दिवस घरच्यांनी येऊ नका, म्हणजे लवकर रुळतात. काहींना हे लागू पडत असेलही. लातूरच्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या, पहिला आठवडा रोज या, एक वेळचं जेवण त्यांच्यासोबत करा, मग हळूहळू कमी करा. जागा बदलल्यावर म्हाताऱ्या माणसाची झोप उडणं, भूक मरणं, संध्याकाळी गोंधळल्यासारखं होणं हा हट्ट नसतो. नर्सिंगच्या अभ्यासात या ताणाला १९९२ पासून वेगळं नाव आहे. माझीही एक चूक इथं सांगतो. पहिल्यांदा मी आण्णांना 'दवाखान्यात आठच दिवस' असं सांगून नेलं. नवव्या दिवशी ते पिशवी भरून कॉटवर बसले होते. लातूरला नेताना खरं सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत, पण पिशवी भरली नाही.

आता ज्या गोष्टीनं आमचं ठरलं ती. संभाजीनगरला रात्री नऊला व्हरांड्याच्या ग्रिलला कुलूप लागायचं, ते सकाळी साडेसहाला उघडायचं. कारण खोटं नव्हतं: रात्रीला दोनच माणसं, कुणी बाहेर जाऊन पडलं तर?

पण आमचं गाव किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा आदल्या रात्रीचं गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. माणसं त्याखालीच गेली. आमचं दार अडकलं होतं. आण्णांनी पहारीनं ते फोडून आम्हाला बाहेर काढलं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. त्या दिवसापासून आण्णा साडेतीनला उठतात आणि उजाडेपर्यंत अंगणात बसतात. पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हाही, नवीन घर झालं तेव्हाही.

त्या ग्रिलपाशी ते रोज चारला जाऊन उभे राहायचे. कुलूप हलवायचे. इतरांची झोपमोड व्हायची. महिन्याभरात मला फोन आला, 'रात्री त्रास देतात, झोपेची गोळी सुरू करू या.' गोळी सुरू झाली आणि आण्णा दुपारी बारापर्यंत सुस्त राहू लागले. सकाळची फिजिओथेरपी बुडायला लागली. ज्या सोयीसाठी तिथं ठेवलं, तीच हातची गेली. मी ग्रिलची गोष्ट तीनदा बोललो. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं.

लातूरला बाहेरच्या गेटला कुलूप असतं, ओसरीच्या दाराला नुसती कडी. रात्रीचे मामा त्या दारालगतच खाट टाकतात. शहाबादी फरशीवर वॉकरचा टक-टक आवाज आला की उठतात, कडी काढतात, दिवा लावतात, खुर्ची सरकवून देतात. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

लातूरचं सगळं चांगलं असं म्हणणार नाही. गाव जवळ म्हणजे गावचे डोळेही जवळ. 'पोरानं बापाला आश्रमात टाकलं' हे मी बाजारात तोंडावर ऐकलंय. डायलिसिस असेल, नळीनं जेवण असेल, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर शहराचाच विचार करा. मीही तोच केला असता. पण माणूस हिंडता-फिरता असेल, मन थाऱ्यावर असेल आणि जवळपास नात्यातलं एखादं माणूस असेल, तर माझा कल गावाकडच्या जागेकडं आहे. मागच्या येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, बहिणीनं त्यांना गाडीनं शेतात नेलं. आंबील, भज्जी खाऊन अंधार पडायच्या आत परत. संभाजीनगरहून हे झालं नसतं.

संस्थांची माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर विचारता येतं. पण बघायला दुपारी जाऊ नका, दुपारी सगळ्या जागा सारख्याच दिसतात. रात्रपाळीच्या माणसाला भेटा आणि आपलं माणूस रात्री उठलं तर दार कोण उघडतं ते विचारा. लातूरला मी हे विचारलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. ओसरीवर घेऊन गेले आणि खुर्ची कुठं ठेवू म्हणून मलाच विचारलं.