टोकियो मारुईचं ग्लॉक 17: खऱ्या पिस्तुलासोबत वापरायची रेप्लिका

परवान्याचं खरं ग्लॉक 17 असलेल्याने टोकियो मारुई या जपानी कंपनीची ही गॅस ब्लोबॅक रेप्लिका (गॅसने प्लास्टिकच्या गोळ्या झाडणारी आणि दर वेळी वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ढकलणारी नक्कल) जरूर घ्यावी, फक्त कशासाठी हे आधी ठरवून. होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) पिस्तूल काढणं, नेम धरायची साइट डोळ्यासमोर आणणं, मॅगझिन बदलणं, एवढ्या सरावाला ती फार चांगली आहे. रिकॉइल (गोळी सुटताना हाताला बसणारा झटका) आणि ट्रिगर शिकायला मात्र तिचा उपयोग नाही.

हातात घेतल्यावर ती खऱ्यासारखीच वाटते. रिकाम्या मॅगझिनसह दोन्हींचं वजन 700 ग्रॅमच्या आसपास भरतं, पण ते वजन वेगवेगळ्या ठिकाणी आहे. खऱ्या ग्लॉकची फ्रेम पॉलिमरची आणि स्लाइड पोलादी, त्यामुळे भार वरच्या बाजूला. रेप्लिकेची स्लाइड एबीएस प्लास्टिकची आहे आणि बराचसा भार मुठीतल्या धातूच्या मॅगझिनमध्ये. मॅगझिन काढलं की हातात खेळणं राहिल्यासारखं वाटतं. मॅगझिन बदलण्याच्या सरावात हे जड मॅगझिन खाली पडतं तेव्हा जाड गादी किंवा सतरंजी हवीच. फरशीवर आपटलं की मॅगझिनच्या तोंडाच्या कडा चिरतात किंवा तळाच्या सीलमधून गॅस गळू लागतो.

मॅगझिनमध्ये 6 मिमीचे 25 बीबी, म्हणजे प्लास्टिकच्या गोल गोळ्या, बसतात. जपानच्या कायद्यानुसार 6 मिमी रेप्लिकेची ऊर्जा 0.98 ज्युलच्या आत ठेवावी लागते आणि हे पिस्तूल त्याच मर्यादेत बनवलं आहे. 1 ज्युल म्हणजे 0.20 ग्रॅमचा बीबी सेकंदाला 100 मीटर वेगाने, 0.25 ग्रॅमचा सुमारे 89 मीटरने. खऱ्या 9 मिमी गोळीची ऊर्जा 500 ज्युलच्या घरात असते. तरीही 1 ज्युल डोळा कायमचा निकामी करायला पुरेसा आहे, आणि बीबी कडक पृष्ठभागावरून उलटून येतो. साधा चष्मा चालत नाही. आघात सोसणारा, बाजूंनीही झाकणारा गॉगल लागतो. लक्ष्यामागे पत्रा किंवा लाकूड लावण्याऐवजी खोक्यात जाड कापड सैल टांगावं. बीबी त्यात अडकून खाली पडतो.

बहुतेक तक्रारी गॅसच्या निवडीतून येतात. हे पिस्तूल एचएफसी-134ए या कमी दाबाच्या गॅससाठी आहे. 20 अंश सेल्सियसला त्याचा दाब साधारण 5.7 बार असतो. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल. त्याचा दाब त्याच तापमानाला 8.4 बारपर्यंत जातो. तो भरला की दणका छान बसतो, पण प्लास्टिकच्या स्लाइडला पुढे तडा जातो आणि आतलं नोझल फुटतं. थंडीत उलटा त्रास: 10 अंशांवर 134ए चा दाब 4 बारवर उतरतो, स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि शेवटच्या बीबीनंतर ती उघडी अडकत नाही. भराभर गोळ्या झाडल्या तरी हेच होतं, कारण द्रव गॅसचं बाष्प होताना मॅगझिनची उष्णता खेचली जाते. अशा वेळी पिस्तूल बिघडलं असं समजून उघडत बसू नये. मॅगझिन खिशात ठेवून कोमट होऊ द्यावं.

भरताना मॅगझिनचा तळ वर करून त्यावर डबा उलटा, सरळ रेषेत दाबावा, म्हणजे द्रव आत उतरतो. तिरका धरला तर व्हॉल्व्हभोवती नुसता फवारा उडतो. ठेवताना मॅगझिनमध्ये थोडा गॅस राहू द्यावा, ओ-रिंग (गॅस अडवणारं रबरी कडं) सुकत नाही.

हॉप-अपचं, म्हणजे बीबीला उलटी फिरकी देऊन तो सपाट लांब नेणाऱ्या रबराचं, चाक स्लाइड काढल्यावर बॅरलखाली सापडतं. शून्यापासून सुरू करून चार-पाच बीबी झाडावे आणि चाक किंचित फिरवावं. बीबी सपाट जाऊन शेवटी खाली झुकला की थांबावं. मध्येच वर उचलला जात असेल तर हॉप जास्त झालं. नेम दर वेळी वेगळीकडे जाऊ लागला तर आधी हॉपचं रबर पाहावं. त्यावर सिलिकॉन तेल चढलं असेल तर बीबीला फिरकी सारखी मिळत नाही.

तेलाची गल्लत दोन्हीकडे नुकसान करते. खऱ्या बंदुकीचं पेट्रोलियम तेल रेप्लिकेच्या रबरी सीलला फुगवतं, आणि रेप्लिकेचं सिलिकॉन तेल खऱ्या पिस्तुलाच्या उष्णतेसाठी आणि घर्षणासाठी नाही. दोघांची तेलं, चिंध्या, ब्रश आणि टेबलही वेगळं ठेवावं. रेप्लिकेच्या सरावाच्या खोलीत जिवंत काडतूस असूच नये. 6 मिमीचा बीबी 9 मिमीच्या नळीत सहज शिरतो, म्हणून खरं पिस्तूल वापरण्यापूर्वी ते उघडून, बॅरल वेगळं काढून प्रकाशाकडे धरून पाहावं.

सगळ्यात मोठा धोका सवयीचा. खऱ्या ग्लॉकमध्ये स्ट्रायकर (स्प्रिंगने थेट पुढे जाऊन काडतुसावर आदळणारी पिन) असतो आणि ट्रिगर साधारण अडीच किलोच्या दाबाला सुटतो. रेप्लिकेत आत हॅमर (फिरून आदळणारी हातोडी) आहे आणि ट्रिगर त्यापेक्षा हलका. शिवाय खरं ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो, आणि ‘ट्रिगर दाबला तर काय होतंय’ ही रेप्लिकेवरची सवय तिथे जीव घेऊ शकते. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा: हा क्रम प्लास्टिकवरही एकदाही चुकवू नये. रेप्लिकेला फ्रेमखालच्या अनुक्रमांकाच्या पट्टीत सेफ्टी (ट्रिगर रोखणारी कळ) दिली आहे, खऱ्या ग्लॉकला तिथे तशी कळ नाही. म्हणून सरावात तिच्यावर विसंबू नये.

दिसायला ती इतकी हुबेहूब आहे की समोरच्याला फरक कळणारच नाही. अमेरिकेत विक्रीच्या वेळी नळीच्या टोकाला नारिंगी खूण लागते, पण दुरून किंवा अंधारात तीही दिसत नाही. नेताना बंद पिशवीत, मॅगझिन वेगळं. गाडीत उघडी किंवा कमरेला कधीच नाही.

स्लाइड सोडायला कळ दाबण्यापेक्षा हाताने मागे खेचून सोडावी. कळीने सोडत राहिलं की प्लास्टिकच्या स्लाइडवरची खाच झिजते आणि स्लाइड अडकायचं थांबते. घेताना एक जादा मॅगझिन सोबत घ्यावं, म्हणजे एक थंड पडलं तरी दुसऱ्यावर सराव चालू राहतो.