एजन्सीचे बाउन्सर की आपली पोरं? बेळगावात लाइव्ह म्युझिक ठेवणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आता शनिवारी बँड नाही असं बरं रेस्टोबार सापडणं अवघड झालंय. मेडिकल-इंजिनिअरिंगची मुलं, कॅम्पातली मंडळी, चोर्ला घाटातून गोव्याला जायचा कंटाळा आलेले, असे सगळे येतात. त्यामुळे नवीन जागा काढणारा प्रत्येक जण कधीतरी विचारतोच, सिक्युरिटीचं काय करू? एजन्सी लावू की आपलीच माणसं तयार करू? मी दोन्ही करून पाहिलंय. जागा टिळकवाडीच्या बाजूला, खाली जेवण आणि वर संगीत. तुमची जागा वेगळी असेल तर थोडं मागंपुढं करून वाचा.

कॅमेरे, हातातला मेटल डिटेक्टर, अग्निशमन दलाची एनओसी हे दोन्हीकडे सारखंच लागतं, त्यात शिरत नाही.

आधी एजन्सीच्या बाजूने, कारण ती बाजू कमजोर नाही. पहिली गोष्ट, त्यांना कुणाची ओळखदेख नसते. बेळगाव तसं लहानच. दारात उभा राहिलेला प्रत्येक दुसरा माणूस कुणाचा तरी भाचा नाहीतर मेहुणा निघतो. आपला पोरगा दारात असला की "ओळखलं नाहीस काय रे मला?" एवढ्यावर चार जण फुकट आत. प्यालेल्या माणसाला परत पाठवताना तर त्याची जीभच उचलत नाही. उद्या त्याच गल्लीतून दूध आणायला जायचं असतं. बाहेरच्या माणसाला ही अडचण नसते. शिवाय दोन मंडळांची जुनी खुन्नस आपल्या हॉलमध्ये येऊन बसली, तर आपली पोरं कुठल्या तरी एका बाजूची ठरतात.

दुसरं, प्रशिक्षण. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली एजन्सीला परवाना लागतो आणि केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकासाठी १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं होतं, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष. कागदावरचं सगळं अंगात उतरतं असं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. आपल्याकडे एक जास्तीची गोष्ट बघावी लागते. परवाना राज्यापुरता असतो. कोल्हापूरची किंवा गोव्याची एजन्सी कितीही नामांकित असली तरी बेळगावात माणसं द्यायला तिच्याकडे कर्नाटकचा परवाना हवा. फोनवर "आहे की" म्हणतात, कागद मागा.

तिसरं, संख्या. उघड्या लॉनवर मोठा कार्यक्रम असेल तर घरची पोरं पुरत नाहीत. कोचीच्या विद्यापीठात नोव्हेंबर २०२३ मध्ये चेंगराचेंगरीत चार जण गेले, ते गाणं सुरू व्हायच्या आधी, दारावर. पाऊस आला आणि बाहेरचा लोंढा एकाच वाटेने आत घुसला. अशा ठिकाणी बाहेरच्या रांगा सांभाळायला माणसं विकतच घ्यावी लागतात.

एवढं असूनही मी एजन्सी सोडली, ती एका दारामुळे.

आमच्या हॉलला मागे एक दार आहे, तिथून लोखंडी जिना बोळात उतरतो. फुकटे तिथूनच शिरतात, हे खरं. त्यामुळे एजन्सीचा माणूस आला की पहिलं काम काय, तर मागची कडी लावायची. मी काढायची, त्याने लावायची. सुपरवायझरला बोललो तर म्हणाला, "साब, पीछे से फोकट में घुसते हैं, हमारे पास आदमी कम है." मग मी कडीच काढून टाकली आणि आतून ढकललं की उघडणारी आडवी दांडी बसवली. बाहेरून कुणाला उघडता येत नाही, आतून लहान मूलही उघडेल. वाटलं, मिटलं. पुढच्या शनिवारी दांडीला नायलॉनची दोरी बांधलेली. का, तर सिगरेट ओढायला गेलेले मित्रांना आत घेतात. त्या माणसाला समजावलं, त्याला पटलंही. पण त्यानंतरच्या आठवड्यात माणूसच बदललेला, आणि दोरीच्या जागी खुर्च्यांची चळत.

यात त्या पोरांची चूक मी फारशी धरत नाही. त्यांचा हिशेब "आत किती फुकटे शिरले" यावर होतो, बाहेर किती लवकर पडता येईल यावर त्यांना कुणी विचारत नाही. दिल्लीच्या उपहार थिएटरात १३ जून १९९७ ला आगीत ५९ माणसं गेली. तिथे बाल्कनीतली बाहेर पडायची वाट जादा खुर्च्या टाकून अडवलेली होती. ब्राझीलमधल्या सांता मारियाच्या किस क्लबात जानेवारी २०१३ मध्ये २४२ जण गेले. आग लागल्यावर सुरुवातीला दारावरच्या रक्षकांनीच लोकांना अडवलं, कारण त्यांना वाटलं की बिल न देता पळताहेत. हे वाचल्यापासून आम्ही दारावरच्या माणसाचा आणि पैशाचा संबंध तोडला. तिकीट खाली काउंटरवर, खाण्यापिण्याचं बिल टेबलावर. दारातल्या माणसाने कुणाला बाहेर जाताना थांबवायचं कारणच उरलं नाही.

आणि मागचं दार आपल्याकडे जरा जास्तच बंद होतं, त्याला दहाचा नियम कारण आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून सगळे बंद हॉलमध्ये येतात. मग आवाज बाहेर गेला की शेजारचे काका फोन करतात, म्हणून दारं-खिडक्या घट्ट. शेजाऱ्यांचा त्रास खराच आहे. पण दार बंद ठेवणं वेगळं आणि कुलूपबंद करणं वेगळं.

आता आपली पोरं. माझ्याकडे दोघं वेटरचं काम करतात, एक साउंडचं सामान उचलतो, बाकीचे ओळखीच्या मंडळाचे कार्यकर्ते, शनिवारपुरते पण ठरलेल्या पगारावर. स्वतःच्या नोकरांसाठी एजन्सीचा परवाना लागत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांत आणि विसर्जनाच्या रात्री ज्याने दोरी धरलीय, त्याला गर्दी शिकवायला लागत नाही. लोक पुढे सरकायचे थांबले, खांद्याला खांदा लागून हात वर करता येईनात, की त्याला आधी कळतं. जाणकार म्हणतात, चौरस मीटरला चार-पाच माणसांच्या पुढे गेलं की गर्दी स्वतःच्या पायावर राहत नाही. आमचा पोरगा चौरस मीटर मोजत नाही. तो मला येऊन सांगतो, "अण्णा, आता बास, आणि सोडू नका."

मागच्या दारावर त्यातलाच एक स्टूल टाकून बसतो. फुकट्यांना तोच परतवतो आणि दारही मोकळं राहतं. एजन्सीकडेही हे मागता येतं, पण दर आठवड्याला नव्याने सांगावं लागतं.

भाषेचंही थोडं आहे. गोंधळ झाला की माणूस आपल्या भाषेतलंच ऐकतो. आमची पोरं मराठीत आणि कानडीत दोन्हीकडे ओरडू शकतात, हिंदी तर येतेच.

मुलींच्या बाबतीत मात्र मी दोन्हीकडे अर्धवट समाधानी आहे. एजन्सी एक महिला रक्षक देते, ती झडतीपुरती दारात उभी असते. आमच्याकडे कॅप्टन म्हणून एक ताई आहेत, त्या फ्लोअरवर फिरतात. कुणी मागे लागलंय, हे मुली त्यांना येऊन सांगतात, बाउन्सरला सांगत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१६ पासून एक पद्धत आहे, बारवर जाऊन "अँजेला आहे का" विचारलं की कर्मचारी समजतात की या मुलीला मदत हवीय. कल्पना छान, पण काउंटरवरचा माणूस दर आठवड्याला बदलत असेल तर तो बिचारा म्हणणार, अँजेला आज सुट्टीवर. आणि रात्री बारानंतर रिक्षा कशी मिळायची, हा प्रश्न ना एजन्सी सोडवते ना आम्ही; ताई दोन ओळखीचे रिक्षावाले सांगून ठेवतात, एवढंच.

मारामारीत आपली पोरं कमी पडतात, हे कबूल. त्यांना एकच सांगितलंय, हात उचलायचा नाही, मधे उभं राहायचं आणि ११२ लावायचा. मारायचा अधिकार बाउन्सरलाही नाही, पण त्याचे पिळदार दंड बघून माणसं गप्प होतात हे खरं.

आगीचं शेवटी. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या क्लबात आगीत २५ जण गेले, त्यात बहुतेक तिथेच काम करणारे होते. ती बातमी आल्यावर आमच्या पोरांनी स्वतःहून जिन्यावरचे क्रेट आणि सिलिंडर हलवले. बँडवाल्यांनी कोल्ड पायरो, म्हणजे स्टेजवर ठिणग्यांची कारंजी, लावू का विचारलं तर मला न विचारता नाही म्हणून सांगितलं. एजन्सीच्या माणसाने बँडला नाही म्हटलं असतं का? कदाचित म्हटलंही असतं. मला तसा भेटला नाही.

खर्चाचं म्हणाल तर एजन्सीचं बिल माणशी, रात्रीवर, आणि वर जीएसटी. आपल्या पोरांना पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतानाही सांभाळावं लागतं. माझा हिशेब जवळपास सारखाच येतो. महिन्यातून एखादाच कार्यक्रम करत असाल तर एजन्सीच परवडेल. मात्र करारात लिहून घ्या की मागच्या दारावर एक ठरलेला माणूस राहील आणि तो बदलला तर आदल्या दिवशी कळवतील. कार्यक्रम रंगात आल्यावर एकदा स्वतः जाऊन दार ढकलून बघा.

मी स्वतः आता आत आपली पोरं ठेवतो आणि मोठ्या रात्रीला फक्त बाहेरच्या गेटवर एजन्सीचे दोघे घेतो, ओळखीच्यांना नाही म्हणायला. ३१ डिसेंबरसाठी हवे असतील तर दिवाळीतच फोन करा; नंतर चांगली माणसं गोव्याला गेलेली असतात.