साप चावल्यावर: दोरी आवळायची की पाय स्थिर ठेवायचा?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, काकांना साप चावला, तेव्हा शेजारी धावत आले आणि त्यांनी पोटरीवर सुंभ करकचून बांधला. वाटेतच पायाची बोटं निळी पडली. काका दंशापेक्षा त्या गाठीनेच जास्त कळवळत होते.

घट्ट बांधलं की विष थांबतं, ही समजूत अजून घराघरांत आहे. प्रत्यक्षात रक्तपुरवठा तुटतो. घोणस, फुरसं यांचं विष मांस सडवतं. ते एकाच जागी कोंडलं तर पाय गमवायची वेळ येऊ शकते. शिवाय गाठ एकदम सोडली तर साचलेलं विष झटक्यात अंगभर पसरू शकतं. आधीच बांधली असेल तर ती डॉक्टरांनाच सोडू द्या.

पाय स्थिर ठेवणं दिसायला अगदी साधं, पण माझा कौल त्यालाच. माणसाला आडवं करा, धीर द्या. पैंजण, जोडवी लगेच काढा, कारण सूज चढते. पोफळीची फळी किंवा मिटलेली छत्री पायाला लावून पंच्याने बांधा, खाली बोट सहज जाईल इतपत सैल. एक पाऊलही चालू देऊ नका; स्नायू हलले की विष पुढे सरकतं. 108 ला फोन करा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा.

चिरा मारणं, तोंडाने विष ओढणं नकोच. साप मारायलाही धावू नका: नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, आणि ते इस्पितळातच मिळतं.