एनलाइटनमेंटचा राजा अभ्यासायचाय? फ्रेडरिक घ्यावा की जोसेफ

एमएचा प्रोजेक्ट असो, यूपीएससीचा हिस्टरी ऑप्शनल असो किंवा नुसती स्वतःची हौस असो, अठराव्या शतकातले 'प्रबुद्ध' राजे, म्हणजे एनलाइटनमेंटच्या विवेकवादी विचारांनी राज्य चालवू पाहणारे, वाचायला घेतले की लवकरच प्रश्न येतो, सगळ्यांचं थोडं थोडं वाचायचं की एकालाच धरून खोलात जायचं? माझं मत विचाराल तर एकालाच धरा. आणि मग खरी निवड दोघांतच उरते, प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक की ऑस्ट्रियाचा दुसरा जोसेफ. रशियाची कॅथरीन पण आहेच, पण पुगाचोव्हच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी-कोसॅकांच्या बंडानंतर (१७७३-७५) ती उमरावांच्या बाजूला इतकी सरकते की १७८५ च्या सनदेत त्यांचे हक्क अजून पक्के करून देते, त्यामुळे तिच्यावर काम करायचं तर प्रश्नच वेगळा घ्यावा लागतो. लुई चौदावा, व्हर्साय, दैवी अधिकार वगैरे सगळं तुम्हाला माहिती आहे असं धरून चालतो.

मी दोघांवरही बऱ्यापैकी वेळ घालवलाय. आमच्या अभ्यासगटात मांडणी करायची होती म्हणून सुरुवात फ्रेडरिकपासून केली आणि शेवटी मांडणी जोसेफवर केली. ते का, हे सांगायलाच हे लिहितोय.

आधी फ्रेडरिकच्या बाजूने, कारण त्याची बाजू हलकी अजिबात नाही. वाचायला तो खूपच सोपा जातो. इंग्रजीत साहित्य भरपूर, आणि माणूस स्वतः लिहिणारा. बापाने १७३० साली त्याचा मित्र काट्टे याचं डोकं उडवायला लावलं आणि ते त्याला बघायला लावायचा हुकूम दिला, तिथपासून फ्रेंच लेखक व्होल्तेरशी दोस्ती, पॉट्सडॅममधला व्होल्तेरचा मुक्काम, १७५३ चं ते भांडण आणि फ्रँकफर्टला त्याला अडकवून ठेवणं, हे सगळं वाचताना हातातलं पुस्तक खाली ठेववत नाही. गादीवर आल्या आल्या १७४० मध्येच त्याने छळ करून कबुली घेण्यावर बंधनं आणली आणि पुढे ती पद्धत बंदच केली. धर्माच्या बाबतीत ज्याने त्याने आपापल्या वाटेने स्वर्गात जावं ही त्याची भूमिका होती. ओडर नदीकाठच्या दलदली उपसून तिथे नवी गावं वसवली. तत्त्वज्ञ कांटचा 'एनलाइटनमेंट म्हणजे काय' हा निबंध १७८४ साली त्याच्याच राज्यात, बर्लिनच्या मासिकात छापून आला आणि त्यात कांट या राजाचं कौतुकच करतो. परीक्षेच्या दृष्टीने बघितलं तरी फ्रेडरिकवर प्रश्न येण्याची शक्यता मला तरी जास्त वाटते.

मिलर आर्नोल्डचं प्रकरण मात्र नक्की वाचा. नॉयमार्क भागातला एक पिठाच्या गिरणीवाला, पाण्यावर चालणारी गिरणी. त्याचं म्हणणं असं की ओढ्याच्या वरच्या अंगाला एका उमरावाने माशांसाठी तळी काढली म्हणून माझ्या गिरणीला पाणी पुरत नाही, आणि पाणीच नाही तर मी जमीनदाराचा खंड भरू कसा? कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला, गिरणीचा लिलाव झाला. त्याने आणि त्याच्या बायकोने राजाकडे अर्जावर अर्ज केले. डिसेंबर १७७९ मध्ये फ्रेडरिकने न्यायाधीशांना राजवाड्यात बोलावून घेतलं, समोर उभं करून झापलं, काहींना तुरुंगात टाकलं आणि आपल्या चॅन्सेलरला (न्यायखात्याच्या प्रमुखाला) तिथल्या तिथे घरी पाठवलं. बर्लिनमधल्या साध्या लोकांना हे प्रचंड आवडलं, गरिबाच्या बाजूने राजा उभा राहिला म्हणून. पण बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की कायद्याने बघितलं तर त्या न्यायाधीशांचं फार काही चुकलेलं नव्हतं, आणि फ्रेडरिक वारल्यावर त्यांना दोषमुक्त करून भरपाईही द्यावी लागली. अनियंत्रित सत्ता आणि न्याय या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत उभ्या केल्या तर काय होतं हे यापेक्षा चांगलं दाखवणारं प्रकरण मला सापडलेलं नाही. फक्त एवढ्या एका प्रकरणासाठी कोणी फ्रेडरिक निवडला तरी मी समजू शकतो.

आता माझी अडचण. फ्रेडरिकवर लिहायला बसलो की दर थोड्या वेळाने मी त्याचंच वाक्य उद्धृत करत होतो. राजा हा राज्याचा पहिला सेवक. सत्तेसाठी सगळं चालतं अशी मांडणी करणाऱ्या मॅकियाव्हेलीच्या विरोधात त्याने केलेलं लिखाण. अमुक पत्रात असं म्हणाला, तमुक टिपेत तसं म्हणाला. आणि कृती शोधायला गेलं की हाताला वेगळंच लागतं. मॅकियाव्हेलीच्या विरोधातलं ते पुस्तक १७४० चं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियात मारिया थेरेसा नुकती गादीवर आलेली असताना सैन्य तिच्या सायलेशिया प्रांतात घुसवलं. मोझेस मेंडेल्सनसारख्या ज्यू विचारवंताची बर्लिनच्या अकॅडमीने १७७१ मध्ये निवड केली तर या राजाने त्यावर संमतीची सहीच केली नाही, आणि ज्यूंवरची बंधनं १७५० च्या त्याच्याच नियमांनी घट्ट झालेली होती. पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते शेतकऱ्यांचं. मी एक साधा प्रश्न वहीत वर लिहून ठेवला होता, उमरावाच्या जमिनीवर राबणाऱ्या भूदासाला (जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याला) या एनलाइटनमेंटमधून काय मिळालं? सरकारी जमिनीवरच्या कुळांचं थोडं बरं झालं, हे खरं. पण उमरावांच्या जमिनीवर? १७६३ मध्ये प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतात भूदासपद्धत मोडायचं फर्मान काढलं, उमरावांनी विरोध केला आणि विषय तिथेच थांबला, कारण सैन्याचे अधिकारी याच उमराव घराण्यांतून यायचे आणि त्यांना दुखवणं त्याला परवडणार नव्हतं. म्हणजे जिथे खरोखर ताण येणार तिथे प्रयोगच थांबतो. राजाच्या हातात सगळी सत्ता असेल तर तो हे नवे विचार वरून खाली राबवू शकतो का, हा मूळ प्रश्न मला सोडवायचा होता, आणि फ्रेडरिकच्या बाबतीत तो तपासताच येत नव्हता. याचाच मला कंटाळा आला, बाकी काही नाही.

जोसेफच्या बाबतीत उलटं होतं. त्याची वाक्यं कमी लक्षात राहतात, फर्मानं मात्र ढीगभर. आई मारिया थेरेसा नोव्हेंबर १७८० मध्ये गेली आणि पुढच्या वर्षभरातच सेन्सॉरशिप सैल केली, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स लोकांना खाजगीत उपासना करायची मोकळीक दिली, १ नोव्हेंबर १७८१ ला बोहेमिया-मोराव्हियातल्या (आजच्या चेकियातल्या) भूदासांना लग्न करायचं, गाव सोडायचं, धंदा शिकायचं स्वातंत्र्य दिलं, आणि १७८२ च्या जानेवारीत व्हिएन्नाच्या ज्यूंसाठी वेगळं फर्मान निघालं. शेकडो मठ बंद करून त्यांच्या मालमत्तेतून नवे पॅरिश (चर्चचे स्थानिक विभाग) आणि पाद्री उभे केले, त्यावर बोलायला खुद्द पोप सहावा पायस १७८२ मध्ये व्हिएन्नाला आला आणि फारसं काही पदरात न पडता परत गेला. १७८४ ला व्हिएन्नाचं मोठं सार्वजनिक हॉस्पिटल उघडलं.

आणि मग त्याच वर्षीचं ते दफनाचं फर्मान. शवपेटीला लाकूड वाया जातं, कुजायला वेळ लागतो, म्हणून प्रेत कपड्यांशिवाय तागाच्या पिशवीत शिवायचं, खड्ड्यात ठेवून वर चुना टाकायचा, आणि नेण्यापुरती गावाची एक सामाईक पेटी वापरायची. तर्काने बघा, एक शब्द चुकीचा नाही, आरोग्य आहे, काटकसर आहे, गरीब-श्रीमंत समान आहे. आणि लोक इतके भडकले की जानेवारी १७८५ मध्ये पेटीची सक्तीची मनाई मागे घ्यावी लागली. बाप गेलेल्या घरात जाऊन सरकार सांगणार की याला पिशवीत शिवा, तर कोण ऐकून घेईल? विवेक वरून हुकमाने उतरवला की कुठे अडतो हे मला या एका फर्मानातून जितकं कळलं तितकं जाडजूड प्रकरणं वाचून कळलं नव्हतं.

माझं पारडं पुरतं झुकलं ते १७८९ च्या करकायद्याने. त्याआधी काही वर्षं सगळ्या जमिनीची मोजणी करून घेतली, मोजणीदार पुरेसे नव्हते म्हणून मोठा भाग गावकऱ्यांनीच मोजला, आणि त्यात उमरावाची जमीनसुद्धा सुटली नाही. मग नियम असा की शंभराचं उत्पन्न असेल तर सत्तर शेतकऱ्याचे, साधारण सव्वाबारा सरकारचे आणि राहिलेले पावणेअठरा जमीनदाराचे, बस्स, वेठ बंद, जे काय ते रोखीत. माझ्या वहीतल्या त्या प्रश्नाला इथे आकड्यात उत्तर होतं! सगळ्याच शेतकऱ्यांना तो लागू नव्हता हे खरं, पण राजाने उमरावांच्या खिशाला थेट हात घातला होता. त्याचा स्वतःचा चॅन्सेलर चोटेक याच कायद्यावरून पदावरून बाजूला झाला.

जोसेफचे दोष लपवायचं कारण नाही. त्याच्याच ताब्यातल्या हंगेरीत १७८४ ला लॅटिन काढून जर्मन भाषा कारभारात लादली, त्यांचा राजमुकुट उचलून व्हिएन्नाला आणला, प्रांतांच्या सभांना विचारायची पद्धतच त्याला मान्य नव्हती. ट्रान्सिल्व्हेनियात शेतकरी उठले तेव्हा त्यांच्या म्होरक्यांना भयंकर शिक्षा दिल्या. शेवटी शेवटी पोलिसांची पाळतही वाढली. तुर्कांशी युद्ध ओढवून घेतलं, ताब्यातलं बेल्जियम हातातून गेलं, आणि जानेवारी १७९० मध्ये आजारी असताना हंगेरीतली जवळपास सगळी फर्मानं मागे घेतली, फक्त सहिष्णुता, भूदासांची मुक्ती आणि पाद्र्यांच्या सोयीची सोडून. २० फेब्रुवारीला तो गेला. आता तुम्हाला यशस्वी राजाच हवा असेल तर अर्थातच फ्रेडरिक घ्या, त्याने मरताना भरलेला खजिना आणि दुपटीहून मोठं सैन्य मागे ठेवलं. पण जोसेफने काय मागे घेतलं आणि काय धरून ठेवलं हे बघितलं ना, की त्याला सगळ्यात मोलाचं काय वाटत होतं ते लख्ख दिसतं, आणि मला हा माणूस त्यासाठी मनापासून आवडतो.

तेव्हा निवड तुमची, वेळ कमी असेल आणि परीक्षाच डोळ्यासमोर असेल तर फ्रेडरिक चालेल, त्यात काही वाईट नाही. थोडा वेळ असेल आणि एकच प्रश्न शेवटपर्यंत न्यायचा असेल तर मी जोसेफच सुचवेन. फक्त सुरुवात १७८० पासून करू नका, फर्मानांच्या गर्दीत हरवायला होतं. १७८९ चा करकायदा आधी घ्या आणि तिथून मागे या, मोजणी कधी सुरू झाली, १७८१ चं फर्मान त्याच्याशी कसं जोडलेलं, असं. त्याचा भाऊ लिओपोल्ड, त्याची दोनच वर्षं आहेत पण ती वगळू नका, कारण त्याने करकायदा रद्द केला, वेठ परत आली, भूदासांची मुक्ती मात्र तशीच ठेवली. वेठ कायमची गेली ती १८४८ मध्ये, हान्स कुडलिख नावाच्या शेतकऱ्याच्या तरुण मुलाने व्हिएन्नाच्या प्रतिनिधी सभेत ठराव मांडल्यावर. तिथपर्यंत धागा नेता आला तर प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण आपोआप तयार होतं.