आकाशासाठी घेतलेला सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा: सात महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये नागपुरातून जुना डीएसएलआर उचलला. २४ मेगापिक्सेल, क्रॉप सेन्सर (पूर्ण आकाराहून लहान), सोबत १८-५५ एमएमची किट लेन्स आणि ५५-२५० ची मोठी अशा दोन लेन्स, सगळं मिळून २६ हजार. डोळ्यासमोर ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण होतं, त्यामुळे सगळा जीव मोठ्या लेन्सवर. आज मार्च संपत आलाय आणि ती लेन्स डब्यातच पडून असते.

ग्रहणाच्या आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. यवतमाळकडच्या घाटंजी तालुक्यातल्या आमच्या वावरात धुऱ्यावर ट्रायपॉड लावला. खग्रास अवस्था ११ ते १२:२३, म्हणजे ८२ मिनिटं. ढगांनी त्यातली जेमतेम पंधरा माझ्या वाट्याला ठेवली. पुनवेच्या चंद्राला एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं), आयएसओ १०० (उजेड टिपायची संवेदनशीलता) वर १/२५० सेकंद पुरतो. तोच सावलीत बुडाला की आयएसओ १६०० करूनही अर्धा-एक सेकंद लागतो, आणि २५० एमएमवर चंद्र तेवढ्यात चार-पाच पिक्सेल सरकतो. शिवाय सहा हजार पिक्सेल रुंद फोटोत चंद्र सहाशेचाच. आजीनं स्क्रीनवर पाहिलं नि म्हणाली, "हे त संत्रं दिसून राह्यलं बापा." तिचं चूक नव्हतं.

या कॅमेऱ्याचं खरं काम मला उल्कांनी दाखवलं, तेही किट लेन्सवर, जिला मी फुकटात आलेली समजत होतो. १८ एमएम, एफ ३.५, आयएसओ ३२००, १५ सेकंद. पाचशेला फोकल लेंग्थ (इथं १८) गुणिले १.६ (लहान सेन्सरचा गुणक) नं भागलं की साधारण १७ सेकंद येतात. त्याहून जास्त ठेवलं तर ताऱ्यांच्या रेघा होतात. नऊशे रुपयांचा टायमर रिमोट लावला की बटण न दाबता रात्रभर फोटो निघत राहतात. पैसे कमी असतील तर लेन्स राहू द्या, हा रिमोट आणि दुसरी बॅटरी आधी घ्या.

पहिल्या रात्री मात्र फजिती झाली. २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन, अमावस्या आणि हॅलेच्या धूमकेतूच्या धुळीतून येणारा मृगातला उल्कावर्षाव, सगळं एकत्र. फटाक्यांचा धूर बसेपर्यंत थांबलो. दोन वाजता मृगाच्या बाणाखालून लखलखीत तारा तुटला, आणि कॅमेऱ्यात काहीच नाही! मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे कमी करणारं) चालू राहिलं होतं. ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर मिटून काळा फोटो काढतं. अर्धी रात्र कॅमेरा झोपलेला, जागा मी. घेतल्या घेतल्या ते बंद करा.

१३ डिसेंबरला मिथुनेतल्या उल्कांनी भरपाई केली. यांचा उगम धूमकेतू नाही, फेथॉन नावाचा लघुग्रह. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर, म्हणून मृगातल्यांपेक्षा संथ दिसतात, नि ठळकही. काकांची जागल होतीच, रानडुकरांपायी. त्यांची हातबॅटरी लेन्ससमोर चमकली की फोटो गेला. विनंती केली तर म्हणाले, "बॅटरी लावू नको म्हन्तं, त डुकरं काय तुह्या कॅमेऱ्यात पाहू?" शेवटी कॅमेराच विहिरीपलीकडे हलवला. रात्री ११ ते ४, अकराशेवर फोटो, उल्का अकरा. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपासून फाकलेल्या त्या रेघा एकत्र जुळवल्या तेव्हा पैसे फिटले.

तक्रारी आहेत. किट लेन्सवर अनंताची, म्हणजे खूप दूरवर फोकस लागल्याची, खूण नाही. लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) ठळक तारा दहापट मोठा करून फोकस करायचा आणि रिंगला चिकटपट्टी मारायची. दहिवर तर वैरीच: दोननंतर काच पांढरी. गरम वाळू भरलेला मोजा लेन्सला गुंडाळतो, तासभर निभतं. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलसह घट्ट झाकणाचा डबा हवा.

फोटोतली प्रत्येक रेघ उल्का नसते, हेही शिकायला वेळ लागला. उल्का एकाच फोटोत, दोन्ही टोकांना निमुळती; उपग्रह पुढच्या फोटोतही चालतच असतो. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला अख्ख्या विदर्भानं आभाळातून जळत जाणारी रांग पाहिली. आम्हीही उल्काच म्हणालो होतो. चंद्रपूरच्या सिंदेवाहीकडे धातूचं कडं पडलं तेव्हा कळलं, रॉकेटचा भंगार.

या ३ मार्चला चंद्र ग्रासलेलाच उगवला, ६:४७ ला सुटलाही. वीस-पंचवीस मिनिटं, तीही पऱ्हाट्या जाळल्याच्या धुरात. मोठी लेन्स शेवटची तेव्हाच निघाली. आपल्याकडून नीट दिसणारं पुढचं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. लेन्स विकायला काढली होती. डिसेंबरात ढग नसतात हे आठवलं, आणि गिऱ्हाइकाला नाही कळवलं.