देश पायी चालायला घेतलेली ५० लिटरची सॅक: सात-आठ महिन्यांनंतर, आणि ते कमरेचं बकल

पहिला रिव्ह्यू मीच टाकला होता, राणेबेन्नूरच्या लॉजवर बसून, एक स्टार. तो आता तीन करतोय, पण त्याच्या वर एक दाणाही जाणार नाही आणि का ते सांगतो. स्पेक सगळ्यांना माहीत आहेत, जाळीची पाठ, तळात रेनकव्हर वगैरे, त्यात वेळ घालवत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, ज्यांच्याकडे हीच आहे त्यांना बकलावरनं लगेच कळेल.

मी बेळगावचा, शहापूरचा. घरातनं चालत कन्याकुमारी आणि पुढच्या टप्प्यात वर काश्मीर असं ठरवलंय. आपला पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा जोरात सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं धरून असतो, म्हणून दिवाळी झाल्यावर पीबी रोड (पुणे-बेंगळुरू हायवे) धरून बेंगळुरूपर्यंत (साधारण ५०० किलोमीटर) आणि संक्रांतीनंतर होसूरकडनं खाली, असा हिशोब. सॅक मे महिन्यातच घेतली, साडेसहा हजार गेले, घरात त्यावरनं बरंच ऐकून घेतलं.

पावसाळाभर तिच्यात वजन भरून सराव केला. येळ्ळूरचा राजहंसगड, नाहीतर जांबोटी रोड. जांबोटीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, तरी रेनकव्हरनं आतलं अंथरूण कोरडं ठेवलं. पाठीकडनं थोडं पाणी उतरतंच, ते कुठल्याही सॅकमध्ये उतरतं, आतनं जाड प्लास्टिकची पिशवी लावायची, विषय संपला.

आता बकल. हे मला सविस्तर लिहायचंय कारण दुकानात कोणी सांगत नाही. आमच्या भागात लांब चालणं काही नवीन नाही, माउलींच्या पालखीचे घोडे आमच्याच जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातनं निघून आळंदीपर्यंत दरवर्षी चालत जातात. पण वारीत दिंडीचं सामान ट्रकातनं जातं. एकट्यानं निघालं की कपडे, अंथरूण, औषधं आणि दोन लिटर पाणी म्हणजे नुसतं पाण्याचंच दोन किलो, सगळं अंगावर. ते वजन खांद्यानं ओढायचं नसतं, कमरेचा पट्टा आवळला की बहुतेक भार कमरेच्या हाडावर बसतो आणि खांद्याचे पट्टे फक्त सॅक पाठीला धरून ठेवतात. म्हणजे नऊ किलोचा सगळा संसार एका प्लास्टिकच्या बकलावर उभा, आणि नेमकं तेच ह्या लोकांनी हलकं टाकलंय.

धारवाड, हुबळी, हावेरी, काही त्रास नाही. मोटेबेन्नूरजवळ चहा पिऊन सॅक चढवली, पट्टा लावला आणि कट्टकन आवाज आला, बकलाचा एक दात गळून खाली. पट्ट्याला गाठ मारून बघितली तर नायलॉनची पट्टी गुळगुळीत, अर्ध्या किलोमीटरमध्ये गाठ सैल. मग राणेबेन्नूरपर्यंत सगळं खांद्यावर, संध्याकाळी डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या, खांद्याची शीर दाबली गेली की असं होतं.

लॉजवरनं कस्टमर केअरला फोन लावला. बकल सुटं मिळत नाही म्हणे, अख्खी बॅग स्वतःच्या खर्चानं कुरिअर करा, पंधरा-वीस दिवसांत तपासून कळवू, आणि तरी बकल वॉरंटीत बसेलच असं नाही, कारण ती झीज. चेन वॉरंटीत, शिवण वॉरंटीत, आणि ज्याच्यावर सगळा भार ते झीज! मी म्हटलं फक्त बकल पुढं दावणगेरीला पाठवा, पैसे घ्या, कुरिअरचे पण घ्या. तर म्हणे सिस्टिममध्ये तशी सोय नाही. सॅक पाठवली तर माझं चालणं थांबतं हे त्या माणसाला समजलंच नाही, तो बिचारा समोरचा कागद वाचत होता, राग त्याच्यावर नाहीच.

दुसऱ्या दिवशी बस स्टँडजवळ एक म्हातारे चांभार मिळाले. बकल बघून कन्नडमध्ये म्हणाले, दोन्ही बाजूनं शिवूनच टाकलंय की, तुटल्यावर काढायचं कसं? तीच माझी तक्रार आहे. पट्टा ३८ मिलिमीटरचा आणि गावात मिळतं ते शाळेच्या दप्तराचं २५ चं. त्यांनी पट्टीची टोकं दुमडून अरुंद केली, आरीनं मेणाचा दोरा ओवून दप्तराचं बकल बसवलं, तीस रुपये सांगितले, मी पन्नास दिले.

आणि इथनं माझं मत बदललं. त्या दप्तराच्या बकलावर मी दावणगेरी, चित्रदुर्ग, सिरा, तुमकूर करत बेंगळुरू गाठलं. चित्रदुर्गाजवळ डोंगरावर पवनचक्क्या आहेत, वारा काय असतो ते तिथं कळतं, तरी सॅक पाठीवर हलली नाही. पाठीला घामोळं नाही, शिवण कुठं उसवली नाही. म्हणजे कापड, शिलाई, पाठीची घडण खरंच चांगली आहे, म्हणून तीन स्टार. एवढं चांगलं काम केलेल्या माणसांनी तिथं बदलता येणारं बकल लावायला पाहिजे होतं, हे मी मेलवर पण लिहिलंय.

बेंगळुरूला ट्रेकिंगच्या दुकानात ३८ चं कापलेल्या दांडीचं बकल मिळालं, नव्वद रुपये. त्याच्या दांडीला फट असते, पट्टी त्यातनं सरकवायची, शिवायचं नाही, सुई-दोरा नाही, रस्त्याकडेला बसून दोन मिनिटात होतं. जुनी शिवण ब्लेडनं उसवून लावलं, घट्ट बसलंय.

घेणाऱ्यांनी दुकानात दोन गोष्टी बघा. एक, साइझ उंचीवरनं घेऊ नका, मान खाली घातल्यावर वर येतं ते हाड, तिथनं कमरेच्या हाडाच्या वरच्या काठाच्या रेषेपर्यंत पाठ मोजा. दोन, कमरेचं बकल उलटं करून बघा, दोन्ही बाजूंनी शिवलेलं असेल तर दुकानदाराला विचारा सुटं देतो काय, नाही म्हणाला तर दुसरी दाखव म्हणा.

होसूरच्या पुढं पण हीच सॅक नेतोय, वरच्या कप्प्यात दोन सुटी बकलं टाकलीत. मेलला अजून उत्तर नाही, आलं की इथं टाकतो.